मी लाइनवर आहे

"घबराओ नक्को भैया. लिफ्ट ऐसी गिरती नै. आदमी निकल गया हमारा, पहुँचताइच है. मैं लाइनपेच हूँ."

जयवंता हे इतक्या शांतपणे म्हणाली की शेजारच्या टेबलावरच्या अश्विनीलाही क्षणभर बरं वाटलं. बरकतपुऱ्यातल्या एका अपार्टमेंटमध्ये वीज गेली होती आणि पलीकडचा माणूस दोन मजल्यांच्या मधोमध, अंधारात उभा होता. सोबत कोण आहे, हातात काय आहे, नाश्ता झाला का, असं काहीबाही विचारत जयवंताने त्याला बोलतं ठेवलं. अडकलेल्या माणसाला लिफ्टपेक्षा आपला आवाज कुणाला ऐकू जात नाही याची भीती जास्त असते, हे तिला या नोकरीने शिकवलं होतं. शेवटी पलीकडे लोखंडी दाराचा खडखडाट झाला, मेकॅनिकचा दरडावणारा सूर ऐकू आला आणि तो माणूस "शुक्रिया अम्मा" म्हणता म्हणता अर्ध्यातच निघून गेला.

कानात बारीक टिंग झालं. लिफ्टवाला गेला आणि त्याच्या जागी घर आलं.

आधी पंखा आला. नल्लकुंट्याच्या त्या दोन खोल्यांतला पंखा कायम कुरकुरत असे. मग टीव्हीवरची तेलुगू मालिका आली, तिच्यातली सासू नेहमीप्रमाणे कुणावर तरी उखडलेली होती. मग खालच्या गल्लीतून भाजीवाल्याची लांबट हाक. जयवंताने हेडसेटची तोंडासमोरची बारकी दांडी ओठांजवळ ओढली आणि आवाज खाली आणून विचारलं, "अहो, आहात ना?"

काहीच नाही. पंखा तेवढा फिरत होता.

हे थांबणं दिवसातून कितीतरी वेळा येई, आणि सरावाने सोपं व्हायचं सोडून अवघडच होत चाललं होतं.

ठक.

खुर्चीच्या लाकडी हातावर अंगठी आपटली होती. एक ठक म्हणजे ठीक आहे. दोन ठक म्हणजे शेजारच्या भाग्यलक्ष्मीला पाठव. जयवंताने श्वास सोडला, कानावरचं बटण दाबलं. दांडीच्या टोकाचा हिरवा दिवा लाल झाला, म्हणजे आता घरचं इकडे ऐकू येणार, पण ऑफिसचं घरी जाणार नाही. मग तिने पुढचा फोन घेतला.

काचीगुड्याला स्टेशनच्या रस्त्यावर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीचं हे ऑफिस होतं. जयवंता इथे लागली तेव्हा टेबलावर जड काळा फोन होता आणि रिसीव्हर खांद्यावर मान वाकडी करून धरावा लागे. केस पांढरे झाले तरी मानेचं ते दुखणं काही गेलं नव्हतं. पण ती कुरकुर करणाऱ्यांतली नव्हती. घरी कुरकुर करायला पंखा होता आणि गरजायला नवरा होता.

हिम्मतराव शहरबसचे कंडक्टर. मूळचे भालकीकडच्या शेतकरी घरातले, आजोबांच्या काळात शहरात आलेले. आवाज असा की "तारनाका, तारनाका" अशी आरोळी ठोकली की डुलक्या घेणारे प्रवासी दचकून उतरत, कधी कधी त्यांचा स्टॉप नसतानाही. नोकरी संपली तरी घराबाहेर पडायचं तर पांढरी टोपी हवी, हा नेम सुटला नाही. खालच्या दुकानातून काडेपेटी आणायची असली तरी आधी टोपी डोक्यावर चढे, आरशात पाहून ती सरळ होई, मग पायात चप्पल. जयवंता हसे. "कलेक्टर निघाले," म्हणे. त्यांना ते आवडे.

मग एका सकाळी उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. एवढा मोठा आवाज एका झटक्यात गेला कुठे, याचं जयवंताला अजून नवल वाटे. उजव्या हाताची बोटं सुजली तेव्हा तिनेच त्यांची चांदीची अंगठी काढून डाव्या हाताच्या बोटात घातली. तिथे ती घट्ट बसली ती बसलीच.

समज मात्र जागच्या जागी होती. हे लोकांना कळत नसे. पुतण्या युवराज भेटायला आला तेव्हा त्यांच्यासमोरच म्हणाला, "काकाला काही कळतं का गं काकू?" हिम्मतरावांनी तोंड भिंतीकडे केलं आणि तो घरातून जाईपर्यंत ताटाला हात लावला नाही. जयवंताने त्याला दारातच फैलावर घेतलं. "त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतंय. पुन्हा असं बोलायचं असंल तर माझा उंबरा चढू नको." युवराज पुन्हा आला नाही. मूलबाळ नव्हतंच, त्यामुळे आता दोघांत तिसरं कुणी उरलं नाही. शेजारची भाग्यलक्ष्मी तेवढी दुपारी येऊन जेवू घाली, औषध देई आणि दार ओढून घेऊन आपल्या घरी जाई. कुणी धरलं तर काठीच्या आधाराने चार पावलं टाकता येत, पण बाकीचा दिवस हिम्मतराव त्या खुर्चीत एकटे असत.

ऑफिसात हे बिनवायरचे हेडसेट आले तेव्हा जयवंताला ते मुळीच आवडले नव्हते. कानावर झुरळ बसल्यासारखं वाटतं, असं ती म्हणे. पण एकदा अश्विनी म्हणाली, "आंटी, याला ऑफिसचा फोन पण जोडतात आणि आपला मोबाइल पण. दोन्ही एकदम." जयवंताने तिला पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारलं. दुसऱ्या दिवशी तिने घरातला जुना मोबाइल आणला. अश्विनीने त्यात असं काहीतरी करून दिलं की जयवंताचा फोन आला की तो आपोआप उचलला जाई आणि स्पीकरवर सुरू होई. तो मोबाइल हिम्मतरावांच्या खुर्चीशेजारच्या टेबलावर, चार्जरला लावलेला, कायमचा बसला. मधेच लाइन तुटली की जयवंता पुन्हा लावी.

"एक ध्यानात ठेवा पण," अश्विनीने बजावलं होतं. "ऑफिसचा कॉल आला की घर होल्डवर जातं. तो संपून घर परत आलं की म्यूट निघालेलं असतं. दर वेळी पुन्हा दाबायचं. नाही तर आपली सगळी बडबड अंकलला ऐकू जाईल, हौ."

म्हणून तिने क्रम ठरवून टाकला. घर आलं की विचारायचं, ठक ऐकायची, बटण दाबायचं. देवाला दिवा लावावा तसं ते हाताच्या अंगवळणी पडलं. सुरुवातीला तर ती सुखावूनच गेली होती. ऑफिसात बसून तिला घरी कुकरची शिट्टी ऐकू येई, भाग्यलक्ष्मी "भैया, मुँह खोलो ना" म्हणून रागावताना ऐकू येई. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण दिवसभर नवऱ्याच्या इतक्या जवळ ती कधी बसली नव्हती.

पण नुसतं ऐकण्याला एक शाप असतो. दिसत काही नाही, आणि कान मात्र सगळं टिपून घेतात. भांडं पडलं की कुठलं पडलं, खोकला थांबला तर का थांबला. पाणी वाहतंय ते आपल्या घरात की वरच्यांच्या? लिफ्टवाल्यांशी गोड बोलताना तिचा अर्धा जीव त्या खुर्चीपाशी टांगलेला असे. एक दिवस आपण विचारू आणि ठक येणार नाही, हे तिला मनातून पक्कं ठाऊक होतं. कधी, एवढंच ठाऊक नव्हतं.

गेल्या आठवड्यात दुपारी तिला घरातून काहीतरी फरफटत नेल्याचा आवाज आला. जड, थांबत थांबत, मधेच धापा. तिने विचारलं, तर ठक नाही. पुन्हा विचारलं. टेबलावर ऑफिसचा फोन वाजत होता, तिला दिसत होता, पण हात उचलेना. तो वाजून वाजून बंद पडला, मग पुन्हा वाजला. शेवटी ठक आली, थकलेली. संध्याकाळी कळलं की डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून हिम्मतरावांनी पायाने रेटत खुर्ची स्वतःच खिडकीपासून बाजूला ओढली होती. तिने त्यांना रागे भरलं आणि ते डाव्या अंगाने हसले.

पण तो वाजून बंद पडलेला फोन एका शाळेतल्या बाईंचा होता. त्या लिफ्टमध्ये एकट्या अडकल्या होत्या आणि त्यांना रक्तदाबाचा त्रास होता. बाहेर काढलं तेव्हा त्यांना उभंही राहवत नव्हतं. अपार्टमेंटच्या लोकांनी मालकांना फोन करून नको नको ते ऐकवलं.

तेव्हापासून जयवंता बोलावण्याची वाट पाहत होती. कुणी काही बोललं नाही. मालकांचा पुतण्या विक्रम काचेच्या केबिनमध्ये बसून समोरच्या पडद्याकडे बघे आणि मधेच मान वर करून तिच्याकडे बघे. हसून बघे, आणि तिला त्या हसण्याचीच जास्त भीती वाटे.

आज बरकतपुऱ्याच्या माणसानंतर एक नारायणगुड्याचा फोन आला, साधाच, दार नीट लागत नाही म्हणून. तक्रार नोंदवून तिने तो संपवला. कानात टिंग झालं, पंखा आला, मालिकेतली सासू आली. जयवंताने विचारायला तोंड उघडलं, आणि काचेवर टकटक झाली. विक्रम बोटाने बोलावत होता.

ती तशीच उठली.

"बसा ना काकू," विक्रम म्हणाला. त्याचं मराठी घरापुरतंच होतं, पण जयवंताशी तो आवर्जून मराठीतच बोले. "त्या टीचरचं ऐकलं असेल तुम्ही. चाचा फार अपसेट आहेत."

"चूक झाली साहेब. पुन्हा नाही व्हायची."

"चूक काढायला नाही बोलावलं. इकडे बघा." त्याने पडदा तिच्याकडे वळवला. "हे आपले सगळे लोक. हे तुमचं नाव. हे लाल म्हणजे मोबाइलवर कॉल चालू आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लाल. कोणाशी बोलता एवढं?"

"बोलत नाही. ऐकते नुसतं."

मग तिने सांगितलं. विक्रमने मधे तोंड घातलं नाही. तो वाईट माणूस नव्हता, आणि वाईट असता तर जयवंताला सोपं गेलं असतं. ऐकून झाल्यावर त्याने पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

"काकू, सोमवारपासून हेडसेटवरून मोबाइल काढून टाकणार आहेत. सगळ्यांचाच. ते तर झालंच. पण चाचा म्हणतात, ज्यांचं मन घरी असतं त्यांना या टेबलावर कसं बसवायचं? इथे माणूस अडकलेला असतो. मी म्हटलं, काकू जुन्या आहेत, मी बोलतो." तो पुढे झुकला. "किती दिवस असं चालणार? तारनाक्याला एक होम आहे, म्हाताऱ्या लोकांचं, माझ्या दोस्ताची आजी तिथेच आहे. चांगलं बघतात. तिथे का नाही ठेवत त्यांना?"

जयवंताच्या घशाशी खरं उत्तर आलं होतं. माझ्या माणसाला सगळं कळतं, त्याला परक्यांच्या हाती कसं देऊ? पण हे संभाषण कुठे चाललंय ते तिला लख्ख दिसलं. घरी सगळं समजणारा माणूस एकटा बसलाय असं म्हटलं, की हिचं मन कायम तिथेच राहणार हे मालकांना कबूल करून दिल्यासारखं होतं. मग नोकरी गेली. नोकरी गेली म्हणजे औषधं गेली, भाग्यलक्ष्मीच्या हाती ठेवायचे ते चार पैसे गेले. काहीतरी असं म्हणायला हवं होतं की या पोराची काळजी मिटेल. लोकांची काळजी मिटवणं, एवढंच तर तिला आयुष्यभर जमलं होतं.

"ठेवते ना साहेब," ती म्हणाली. तिचा सूर आपोआप शांत झाला. "मी बी तेच ठरवलंय. त्यांना आता काय कळत नाही. घर काय अन् होम काय, त्यांना एकच. दिवसभर भिंतीकडं बघत बसायलेत. नुसतं गाठोडं झालंय माणसाचं. इथलं उचलून तिथं ठेवलं तरी पत्ता लागायचा नाही. महिना संपला की नेऊन सोडते."

"नक्की?"

"नक्की. तुम्ही मालकांना सांगा. माझं मन कशाला घरी राहायलंय? सवय म्हणून लावून ठेवते लाइन. उलट माझाच जीव सुटंल एकदाचा."

हे शेवटचं अगदीच खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते इतक्या सहज निघालं. ते बोलताना तिला थोडं हसूही आलं. विक्रमचा चेहरा एकदम सैल पडला. "बरं झालं काकू. तुम्हाला पण रेस्ट मिळेल," तो म्हणाला आणि त्याने पडदा पुन्हा आपल्याकडे फिरवला.

केबिनबाहेर येताना तिचे पाय हलके झाले होते. नोकरी वाचली. सोमवारनंतरचं सोमवारनंतर बघू, काहीतरी निघेल. अश्विनीने भुवया उडवून "काय झालं?" असं विचारलं आणि जयवंताने हातानेच ठीक आहे म्हणून सांगितलं. खुर्चीत टेकता टेकता तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दांडीच्या टोकाचा दिवा दिसला.

दिवा हिरवा होता.

तिने बटणाला हात लावला आणि तो तसाच राहिला. नारायणगुड्याचा फोन संपला. टिंग झालं. पंखा आला, सासू आली. आपण तोंड उघडलं, काचेवर टकटक झाली. विचारलं नव्हतं, ठक ऐकली नव्हती, बटण दाबलं नव्हतं. पलीकडे हिम्मतराव "आहात ना" या प्रश्नाची वाट बघत, अंगठीचं बोट उचलून बसले असणार.

ती कान देऊन ऐकू लागली. पंखा चालू होता. टीव्ही बंद होता.

मालिका एवढ्यात संपत नसे. रिमोट त्यांच्या डाव्या हाताशीच असे. माणूस टीव्ही बंद कशाला करतो? काहीतरी नीट ऐकायचं असलं म्हणजे करतो.

"अहो," ती म्हणाली. "अहो, आहात ना?"

पंखा.

"अहो, साहेबासमोर बोलावं लागलं हो तसं. ऐकायलात ना? नोकरीसाठी बोलले. एकदा ठक करा."

श्वास ऐकू येत होता. संथ, नेहमीचाच, नाकातून येणारा. म्हणजे ते तिथेच होते, जागे होते आणि ऐकत होते. ठक काही येईना. मग खुर्चीचे पाय फरशीवर घासले. थोडं घासून थांबले, पुन्हा घासले. या वेळी ऊन नव्हतं, खिडकी दुसऱ्या बाजूला होती, खुर्ची मग कुठे चालली होती?

तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला आणि घर होल्डवर गेलं. लिफ्टमध्ये एक बाई होती, कडेवर मूल, आणि मूल जिवाच्या आकांताने रडत होतं. "घबराओ नक्को अम्मा," जयवंता म्हणाली, "आदमी निकल गया." मग तिला आठवलं की अजून कुणालाच पाठवलेलं नाही. तिने अश्विनीला खुणेने पत्ता लिहून दिला. "मैं लाइनपेच हूँ," ती म्हणत राहिली आणि तिच्या आवाजातला कंप त्या बाईला जाणवला असावा, कारण बाई म्हणाली, "आपको क्या हुआ अम्मा?" मेकॅनिक जवळच कुठेतरी होता, पोचला. तरी तो फोन संपेपर्यंत जयवंताच्या मनात घरात नाही नाही ते होऊन गेलं.

टिंग.

"ये होना क्या?" दुपारचं जेवू घालायला आलेल्या भाग्यलक्ष्मीचा आवाज होता. कपाटाचं दार करकरलं. "ये नै? अच्छा, सफेद वाला शर्ट. हाथ उठाओ भैया. हौ, ऐसा. टोपी भी? कहाँ जारे आज? अक्का आरी क्या लेने को?" मग चपलांचा आवाज, दूर जाणारा. "बैठो, अक्का आतेच होंगी."

"भाग्यलक्ष्मी!" जयवंता ओरडली. "ओ भाग्यलक्ष्मी, थांब!" पलीकडे दार लागलं.

मग एक आवाज सुरू झाला. असा आवाज तिने त्या घरातून कधी ऐकला नव्हता. ओला, कुरतडल्यासारखा. मधे जोरात सोडलेला श्वास, पुन्हा तोच आवाज. बराच वेळ तो चालला होता. जयवंताने दोन्ही हातांनी हेडसेट कानावर दाबून धरला. मग काहीतरी छोटं, धातूचं, लाकडावर पडलं, घरंगळलं आणि थांबलं.

ती उठली. "माझी लाइन बघ," एवढंच अश्विनीला म्हणाली आणि पर्स उचलून निघाली.

"आंटी, हेडसेट!" अश्विनी मागून ओरडली. काचेआड विक्रमने मान वर केली. तो आपल्याला बघतोय हे जयवंताने पाहिलं. आत्ताच त्याला काय सांगितलं होतं तेही तिला आठवलं, पण ती थांबली नाही.

रिक्षात बसल्यावर हेडसेटमधली रेकॉर्ड केलेली इंग्रजी बाई कानात काहीतरी बोलली आणि ऑफिसची लाइन मागे कुठेतरी सुटली. घरची राहिली. मोबाइल पर्समध्ये होता, हेडसेट कानावर होता, आणि हिम्मतराव श्वास घेत होते. ते जिवंत आहेत हे तिला प्रत्येक क्षणी कळत होतं. इतके दिवस ज्याची भीती वाटत होती ते झालं नव्हतं. ज्याची भीती वाटायला हवी होती ते तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"तुम्हाला सगळं कळतं हो," ती बोलत सुटली. "मला का ठाऊक नाही? युवराजला मी दारातून हाकललं की नाही? मी कुठं नेऊन टाकायले तुम्हाला? माझं मन कुठं राहायलंय, तुम्हीच सांगा."

"हौ अम्मा," रिक्षावाला म्हणाला. त्याला यातलं काही कळलं नव्हतं, पण बाई रडतायत एवढं दिसत होतं. बरकतपुऱ्याच्या चौकात गाड्या अडकल्या होत्या. मधे शाळेची बस आडवी उभी होती आणि सगळे हॉर्न वाजवत होते. ते हॉर्नही आपल्या दांडीतून घरी जात असतील, असं तिच्या मनात आलं. कंडक्टरच्या कानाला आपण कुठल्या चौकात आहोत हे बरोबर कळत असेल.

"मी लाइनवर आहे," ती म्हणाली. "अहो, मी लाइनवरच आहे."

जिना चढताना तिला कानात चपलांचे आवाज ऐकू येऊ लागले. आधी खाली पायाशी, मग जरा उशिराने कानात. आपलेच पाय आपल्या घराकडे येताना ती ऐकत होती. किल्ली कुलपात फिरली, मग कानात फिरली. दार उघडलं, आणि कानात पुन्हा उघडलं.

खुर्ची दाराकडे तोंड करून होती. अंगात बाहेर जायचा पांढरा शर्ट, भाग्यलक्ष्मीने गळ्यापर्यंत बटणं लावलेला. डोक्यावर टोपी, थोडी वाकडी. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यातून औषधांच्या पट्ट्या आणि चष्म्याचं घर डोकावत होतं. पायांत चपला होत्या. उजवी नीट गेली नव्हती, टाच बाहेर राहिली होती.

शेजारच्या टेबलावर मोबाइल होता, आणि मोबाइलला लागून अंगठी. ती अजून ओली होती. डाव्या बोटाचं पेर लाल झालं होतं आणि त्यावर दातांचे वण उमटले होते.

"अहो," जयवंता म्हणाली. कानात तिचाच आवाज म्हणाला, अहो.

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. त्यांचा गुडघा धरला. "कुठं निघालात? कोण पाठवायलंय तुम्हाला? ते सगळं खोटं होतं. तुम्ही काय बी मनात आणू नका. काय बी होणार नाही. मी हाय ना."

टेबलावरच्या मोबाइलने तिचे शब्द उचलले आणि जरा थांबून ते तिच्या कानात आणून घातले. काय बी होणार नाही. मी हाय ना. ते दिवसभर ऐकत होते तसाच आपला आवाज तिने पहिल्यांदा ऐकला. शांत, गोड, सरावलेला. लिफ्टमधल्या लोकांना गिरती नै म्हणताना लागतो तोच सूर होता तो. खरं बोलतानाचा दुसरा सूर कुठला, हे शोधू गेली तर तिला सापडेना.

हिम्मतरावांनी तिचं बोलणं संपू दिलं. ते तिच्याकडे बघत होते, रागाने नाही. स्टॉप आला की उतरणाऱ्याकडे कंडक्टर बघतो तसं. मग त्यांनी डावा हात पुढे केला आणि मोबाइलवरच्या कॉल तोडायच्या लाल खुणेवर बोट ठेवलं.

टिंग झालं. कानातला पंखा थांबला, डोक्यावरचा तेवढा फिरत राहिला.

त्यांनी त्याच हाताने टोपी सरळ केली आणि कोपऱ्यातल्या काठीकडे बोट केलं.